कॅराव्हॅन घ्यायचीय? पैसे देण्याआधी भुईकाट्यावर न्या

कॅराव्हॅन बघायला गेलं की विकणारा आधी पलंग उघडून दाखवतो. मग शेगडी, मग फ्रिज, मग मागच्या कोपऱ्यातला शॉवर. सहा जण झोपतात, दोनशे लिटर पाणी बसतं, छतावर सोलर आहे. सगळं खरं असतं. पण सहा माणसं, दोनशे लिटर पाणी आणि त्यांचा संसार एकाच वेळी उचलून ती गाडी रस्त्यावर चालायला पात्र राहते का, हे तो सांगत नाही आणि घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही.

राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांत निम्मे लोक स्वतः फिरायला घेणारे असतात, निम्मे भाड्यानं द्यायचा विचार करणारे. दोघांनाही मी एकच सांगतो: रंग, गादी, टीव्ही नंतर बघू, आधी किलो बघू.

नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट समजावणं तसं सोपं आहे. लासलगावला कांद्याची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर चढते, रिकामी झाली की पुन्हा चढते, आणि दोन आकड्यांतला फरक तो माल. कॅराव्हॅनचा हिशेब हाच आहे, फक्त उलट दिशेनं: रिकामं वजन काट्यावर घ्यायचं, भरलेल्या वजनाची मर्यादा कागदावरून घ्यायची, आणि मध्ये जे उरतं त्यात तुमची सगळी सहल बसवायची.

आधी ठरवा: चालवायची की ओढायची

आपल्याकडे दोन प्रकार विकले जातात. एक, टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी. दुसरा, गाडीमागं हूक लावून ओढायचा ट्रेलर. वजनाचे नियम बरेचसे सारखे असले तरी दोन फरक पहिल्याच दिवशी डोक्यात ठेवा. चालवायच्या गाडीत माणसांचं वजन तिच्याच भारक्षमतेतून जातं. ओढायच्या ट्रेलरमध्ये चालू प्रवासात माणूस बसवायचाच नाही, त्यामुळे माणसं ओढणाऱ्या गाडीच्या खात्यात जातात. पण मग दोन वाहनांचे दोन हिशेब आणि त्यांचा मिळून तिसरा, असं तिहेरी काम होतं. ट्रेलर हेही कायद्यानं मोटार वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी आणि वेगळी आरसी असते. 'याला आरसी लागत नाही हो, नुसता डबा आहे' असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन परत या.

पायरी १: आरसी उघडा, दोन आकडे लिहून घ्या

फोटो नको, मूळ आरसी किंवा एमपरिवहन ॲपवरची प्रत बघा. त्यातल्या दोन नोंदी आपल्या कामाच्या. पहिली, अनलॅडन वेट, म्हणजे रिकाम्या वाहनाचं वजन. दुसरी, ग्रॉस व्हेइकल वेट, म्हणजे माल, माणसं, इंधन, पाणी सगळं धरून त्या वाहनाला परवानगी असलेलं जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की कागदोपत्री भारक्षमता मिळते.

इथं एक बारीक गोष्ट आहे, जी विकणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अनलॅडन वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. युरोपातल्या बहुतेक माहितीपत्रकांत मात्र चालवायच्या गाडीचं 'तयार स्थितीतलं वजन' ७५ किलोचा ड्रायव्हर आणि जवळपास भरलेली इंधनटाकी धरून देतात. म्हणजे तिकडचा आणि इकडचा आकडा शेजारी ठेवून तुलना केली की शंभर-सव्वाशे किलोंची गफलत सहज होते. आपल्या आरसीवरून हिशेब करताना स्वतःचं वजनही उरलेल्या किलोंतून वजा करायचं.

आता कायद्याची जी ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. भरलेलं वाहन ग्रॉस वजनापेक्षा जड नको, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच कलम ११३ मध्ये असंही आहे की आरसीवर लिहिलेल्या अनलॅडन वजनापेक्षा वाहनाचं प्रत्यक्ष रिकामं वजन जास्त असेल तर तेही सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मिनीबस म्हणून नोंदलेली गाडी घेऊन कोणी आत प्लायवूडचं घर उभं केलं आणि आरसी तशीच ठेवली, तर ती गाडी एक पिशवी न भरताही नियमाबाहेर असते. कंपनीनं ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करायलाही कलम ५२ आड येतं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. बांधणाऱ्याला सरळ विचारा की या गाडीची मान्यता त्याखाली झाली आहे का, आणि प्रमाणपत्राची प्रत मागा. आरसीवरच्या वाहनप्रकाराच्या रकान्यात काय लिहिलंय तेही बघा. शंका वाटली तर आरसीची प्रत घेऊन पेठ रोडवरच्या आरटीओत एक चक्कर मारलेली बरी.

पायरी २: गाडी काट्यावर चढवा

आरसीवरचं रिकामं वजन आणि लोखंडाचं खरं वजन यांत फरक असतो. मध्ये कोणी एसी बसवतो, कोणी इन्व्हर्टरची बॅटरी, कोणी छतावर कॅरिअर, कोणी मागं सायकलींचा स्टँड. प्रत्येक वस्तू 'काय एवढी जड नाही'. सगळ्यांची बेरीज जड असते.

नाशिकमध्ये काटा शोधायला लांब जावं लागत नाही. अंबड, सातपूर औद्योगिक वसाहतीत, आडगाव ट्रक टर्मिनलच्या बाजूला, पिंपळगाव बसवंतच्या वाटेवर भुईकाटे आहेत. कांद्या-टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीजवळचे काटे सकाळी टाळा, ट्रॅक्टरच्या रांगेत तासभर जाईल. वैधमापन विभागाच्या पडताळणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे ना, तेवढं बघून घ्या. पैसे किरकोळ लागतात, आणि हातात छापील पावती मिळते. ती पावती म्हणजे या सगळ्या व्यवहारातला तुमचा सगळ्यांत भक्कम कागद.

काट्यावर नेताना गाडीची स्थिती ठरवून घ्या आणि पावतीच्या मागं लिहा: पाण्याच्या टाक्या पूर्ण रिकाम्या, सांडपाण्याची टाकी रिकामी, डिझेल किती ते डॅशबोर्डवरच्या इंधनकाट्याच्या खुणेवरून, सिलिंडर आत आहे की नाही, स्टेपनी आणि जॅक जागेवर आहेत का, आत कोणी बसलेलं नाही. ड्रायव्हरनं खाली उतरून दूर उभं राहायचं. मग आकडे असे घ्या:

१. पूर्ण गाडी काट्यावर.
२. फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची जमिनीवर.
३. गाडी पुढं घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याची बेरीज पहिल्याच्या जवळपास यायला हवी. दहा-वीस किलोंचा फरक चालतो, कारण मोठे काटे बहुधा पाच, दहा किंवा वीस किलोंच्या टप्प्यानंच आकडा दाखवतात. शंभराचा फरक आला तर काट्याचा प्लॅटफॉर्म आणि शेजारची जमीन एका पातळीत नाही. दुसरा काटा गाठा.

काट्यावरची पोरं चतुर असतात. रिकामी कॅराव्हॅन चढली की खिडकीतून प्रश्न येतो, "काका, भरलेली का रिकामी?" तुम्ही "रिकामी" म्हणता. तो स्क्रीनकडे बघतो, गाडीकडे बघतो आणि पावती फाडत म्हणतो, "मग भरू नका." शेजारी उभ्या असलेल्या विकणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी नीट बघून ठेवा, पुढं भाव करताना उपयोगी पडतो.

विकणारा काट्यावर यायलाच तयार नसेल तर? काही जण म्हणतात, "साहेब, कंपनीचा कागद आहे की." कागद असेल तर काट्याची भीती कशाला. मी तरी तिथून पुढं बोलणी करत नाही.

पायरी ३: उरलेल्या किलोंत संसार बसवा

उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा गाडीचं ग्रॉस वजन ४,००० किलो. आरसीवर रिकामं वजन ३,०५०. म्हणजे विकणारा छातीठोकपणे ९५० किलो भारक्षमता सांगणार. काट्यावर ती निघाली ३,२८०, त्यात डिझेल अर्धी टाकी. शिल्लक ७२० किलो. दोनशे तीस किलो काट्यावरच गेले, आणि आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी रिकामीच जड आहे हा वेगळा प्रश्न उभा राहिला.

आता घरातली मंडळी. आई-वडील, तुम्ही दोघं, प्रत्येकी सत्तर धरले तर २८०. दोन मुलं मिळून ६०. शिल्लक ३८०. खरं वजन धरा. घरच्यांना विचारायची हिंमत नसेल तर मनातल्या मनात दहा-दहा किलो वाढवा.

पाणी: एक लिटर म्हणजे एक किलो, यात घासाघीस नाही. १२० लिटर भरलं, शिल्लक २६०. डिझेलची टाकी पूर्ण केली, समजा आणखी ३५ लिटर. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ०.८४ किलो, म्हणून ३० किलो. शिल्लक २३०. गॅस: घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडी टाकी स्वतः साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त जड असते, म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. रिकाम्या टाकीचं नेमकं वजन तिच्या कड्यावर लिहिलेलं असतं. सहलीला ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरतो, पण बहुतेक लोक मोठाच टाकतात म्हणून तोच धरू. शिल्लक २००.

कपडे, अंथरूण-पांघरूण माणशी बारा किलो: ७२. शिल्लक १२८. भांडी, कुकर, तांदूळ, पीठ, तेल, लोणच्याची बरणी, आईनं ऐनवेळी दिलेला फराळाचा डबा: ५०. शिल्लक ७८. घडीच्या खुर्च्या, टेबल, बाहेर लावायचा मांडव आणि त्याचे खांब: ४५. शिल्लक ३३. पाना-पेटी, दोर, केबलचं रीळ, पाण्याचा पाइप, लाकडी ठोकळे: २५.

उरले आठ किलो.

आणि परत येताना पिंपळगावला थांबून घरच्यासाठी कांद्याची एक गोणी घ्यायचीच असते. पन्नास किलो.

या यादीत मी चैनीचं काही घातलेलं नाही. ना सायकली, ना जनरेटर, ना कुत्रं. म्हणून माझा सल्ला असा की काट्यावरच्या शिलकीतून सगळा अंदाजे संसार वजा करून किमान शंभर किलो हाती राहत असतील तरच ती गाडी तुमच्या कुटुंबाची. पलंग सहा असले तरी किलो चौघांचे असतील, तर ती चौघांची गाडी आहे.

पाण्याबद्दल थोडं अधिक, कारण सवलत मिळवायची तर इथंच मिळते. भंडारदऱ्याला किंवा सापुताऱ्याला मुक्कामाच्या ठिकाणी पाणी मिळणार असेल तर घरून टाकी काठोकाठ भरून घाट चढायचं कारण नाही. वाटेपुरतं तीस लिटर घ्या, बाकी पोचल्यावर भरा. मात्र टाकी अर्धवट असताना पाणी आत हिंदकळतं आणि वळणावर गाडीला ढकलतं, म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या आहेत का ते विचारा. आणखी एक गैरसमज: 'पाणी वापरलं की गाडी हलकी होते.' होत नाही. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी सांडपाण्याच्या टाकीत जातं. वजन फक्त एका टाकीतून दुसरीत जातं, बऱ्याचदा मागच्या बाजूला. निघण्याआधी सांडपाणी योग्य जागी रिकामं केलं तरच ते किलो सुटतात.

पायरी ४: एकूण बरोबर, पण एक्सल?

एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल, म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा आस, मर्यादेबाहेर, हे अगदी नेहमीचं आहे. घरातलं जड सामान मागं जातं: स्वयंपाकघर मागं, टाकी मागं, डिकी तर मागंच. प्रत्येक एक्सलची मर्यादा वाहनाच्या चॅसिसवरच्या पाटीवर किंवा कंपनीच्या तांत्रिक पत्रकात मिळते. काट्यावरचे दुसरे-तिसरे आकडे त्याच्याशी ताडून बघा.

मागच्या चाकांच्याही मागं ठेवलेली वस्तू स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकते. समजा पुढच्या-मागच्या चाकांत ३.३५ मीटर अंतर आहे आणि तुम्ही १०० किलोचा जनरेटर व सायकलींचा स्टँड मागच्या एक्सलपासून एक मीटर मागं टांगला. मागच्या एक्सलवर १०० नाही, ४.३५ भागिले ३.३५ या प्रमाणात जवळपास १३० किलो पडतात, आणि पुढच्या चाकांवरून ३० किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग उडतं आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. पावसाळ्यात सावळघाटात हे अनुभवायची हौस नको.

सामान मांडायचा नियम त्यातूनच निघतो: जड ते खाली आणि दोन्ही एक्सलच्या मध्ये, हलकं ते वर आणि टोकाला. डाव्या-उजव्या बाजूंचाही तोल बघा. टाकी, बॅटरी आणि फ्रिज तिन्ही एकाच बाजूला बसवलेली गाडी उभ्या जागीच किंचित झुकलेली दिसते. सपाट जागेवर मागून बघा, डोळ्याला कळतं.

पायरी ५: ट्रेलर ओढणार असाल तर

ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा किलोत दिली आहे का, हे आधी बघा. नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागा. 'अहो, इंजिन दमदार आहे, काहीही ओढतं' हे उत्तर नाही. ओढणं सोपं असतं, थांबवणं अवघड.

ब्रिटनमध्ये नवख्यांना एक साधं प्रमाण सांगतात: भरलेल्या ट्रेलरचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तो कायदा नाही, सल्ला आहे. गाडी २,००० किलोची असेल तर ट्रेलर भरून १,७०० पर्यंत. आणि कंपनीची मर्यादा त्याहून कमी असेल तर कंपनीची खरी. कसाऱ्याचा घाट उतरायचा असेल तर मी ८५ च्याही बरंच खाली राहायला सांगेन. तो उतार रेल्वेलाही सोपा गेलेला नाही, तिथं रुळांचा चढ ३७ ला १ आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, ते चालतात का, हे विकत घ्यायच्या आधी चालवून तपासा. युरोपात ब्रेकशिवायचा ट्रेलर ७५० किलोंपर्यंतच चालतो, आणि ती मर्यादा मला आपल्या घाटांसाठीही शहाणपणाची वाटते.

मग हुकावर पडणारा भार. ट्रेलरचं तोंड हुकावर किती दाबतं यावर सगळी स्थिरता अवलंबून आहे. युरोपीय पद्धतीच्या कॅराव्हॅनला तो भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरना १० ते १५. कमी पडला तर मागं ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो, आणि वेग वाढला की डोलणं थांबत नाही. जास्त झाला तर गाडीचं ढुंगण बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. हुकाची स्वतःची मर्यादाही पाटीवर असते, ती ओलांडायची नाही.

काट्यावर हे तीन वेळा मोजून काढता येतं. गाडी एकटी: समजा २,१४० किलो. ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाकं काट्याबाहेर: २,२१०. दोन्ही पूर्ण काट्यावर: ३,१९०. पहिल्या दोनांतला फरक ७० किलो हा हुकावरचा भार. शेवटच्या आणि पहिल्यातला फरक १,०५० हे ट्रेलरचं पूर्ण वजन. सत्तर म्हणजे पावणेसात टक्के, ठीक आहे. पण काट्याचा टप्पा दहा किलोंचा असेल तर सत्तरचे साठ किंवा ऐंशीही असू शकतात, म्हणून घरी पुन्हा मोजा. सपाट जमिनीवर ट्रेलरच्या चाकांना अडसर लावा, घरातला माणसांचा वजनकाटा ट्रेलरच्या तोंडाखाली ठेवा, त्यावर फळी आणि फळीवर मजबूत लाकडी ठोकळा असा ठेवा की तोंड हुकाच्याच उंचीवर टेकेल. पुढचं छोटं चाक हळूहळू वर घ्या आणि आकडा वाचा. घरगुती काटे साधारण १२०-१५० किलोंपर्यंतच सहन करतात, तेवढं भान ठेवा.

हे ७० किलो ओढणाऱ्या गाडीच्या भारक्षमतेतूनही जातात. पाच माणसं, डिकीत बॅगा आणि वर हुकाचे सत्तर: गाडीचाच ग्रॉस ओलांडला जातो. आणि पाण्याची टाकी ट्रेलरच्या एक्सलच्या पुढं असेल, तर ती रिकामी होताच हुकावरचा भार घटतो. भरल्या टाकीनं एकदा, रिकाम्या टाकीनं एकदा, असं दोनदा मोजा.

टायर

टायरच्या बाजूवर मापानंतर एक संख्या आणि इंग्रजी अक्षर असतं. ती संख्या भार-निर्देशांक. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १,०३०, ११३ म्हणजे १,१५०. दोन संख्या तिरप्या रेघेनं लिहिल्या असतील तर दुसरी जोडचाकासाठी. एक्सलवरच्या टायरांची बेरीज एक्सलच्या भारापेक्षा कमी असेल, तर ती गाडी सोडा, पुढं काही बघायची गरज नाही. टायर कधी बनला ते सांगणारी चार आकडी खूणही शोधा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या राहिलेल्या कॅराव्हॅनच्या टायरांची नक्षी नवीकोरी असते आणि रबर म्हातारं. समृद्धीवर मे महिन्यात सलग दोन तास तापल्यावर ते म्हातारपण कळतं.

बांधून घेत असाल तर किलो आधीच वाचवा

नवी गाडी बांधून घेणाऱ्याच्या हातात सगळ्यांत जास्त असतं, आणि तेच लोक सगळ्यांत जास्त घालवतात, कारण सुतार घरातल्यासारखं काम करतो. ८ बाय ४ फुटांची १८ मिमी प्लायची शीट ३० ते ३५ किलोंची. गाडीत अशा दहा शीट सहज जिरतात. त्याच जागी ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पातळ प्लाय लावला तर निम्मं वजन वाचतं. ओट्याला ग्रॅनाइट बसवलेली कॅराव्हॅन मी पाहिली आहे. १८ मिमी जाडीला चौरस मीटरमागं जवळपास पन्नास किलो! काच दर मिलीमीटर जाडीला चौरस मीटरमागं अडीच किलो, म्हणून शॉवरचं काचेचं दार विसरा, पडदा लावा.

बॅटरीत मोठी सूट मिळते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते आणि तिची निम्मीच ताकद वापरणं बरं. १०० अँपिअर-तासांची लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी दहा-तेरा किलोंची, आणि तिची बरीचशी ताकद वापरता येते. किंमत जास्त, पण इथं तुम्ही किलो विकत घेताय. छतावरचा एसी तीस-चाळीस किलो, सोलरचं एक मोठं पॅनल वीसच्या आसपास. हे किलो डोक्यावर असल्यामुळे वळणावर दुप्पट जाणवतात.

बांधणाऱ्याकडून प्रत्येक टप्प्याला काटापावती मागा: रिकामा सांगाडा, फर्निचर झाल्यावर, आणि पूर्ण झाल्यावर. मध्येच जास्त झालं तर तेव्हा कमी करता येतं. पडदे लागल्यावर कोणी कपाट काढत नाही.

परदेशी व्हिडिओ बघताना

ब्रिटिश भाषेत एमटीपीएलएम म्हणजे भरलेल्या कॅराव्हॅनची मर्यादा आणि एमआयआरओ म्हणजे तयार रिकामं वजन. दोहोंतला फरक ती भारक्षमता. अमेरिकेत मर्यादेला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात आणि सामानाच्या क्षमतेला सीसीसी. तिकडचे आकडे पौंडांत आणि गॅलनांत असतात: पौंड म्हणजे ०.४५४ किलो, अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. हिशेब शिकायला हे व्हिडिओ उत्तम आहेत. नियम शिकायला नाहीत.

दंड, विमा, परवाना

२०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा खर्च. कॅराव्हॅनमधून काय उतरवणार, सासूबाई? अपघात झाला तर विमा कंपनी वजनाचा मुद्दा काढते, तो त्रास दंडापेक्षा मोठा. परवान्याचं म्हणाल तर ७,५०० किलोंपर्यंतची गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. व्यावसायिक वाहनांबाबतही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं.

सौद्याच्या कागदात हे लिहून घ्या

इसारापावतीवर तीन ओळी पुरतात. 'गाडीचं रिकामं वजन, पाण्याच्या टाक्या रिकाम्या व डिझेल अर्धी टाकी असताना, अमुक किलोपेक्षा जास्त नसेल. वजन दोन्ही पक्षांसमोर भुईकाट्यावर होईल व पावती या कराराचा भाग राहील. जास्त भरल्यास खरेदीदार इसार परत घेऊ शकेल.' अमुकच्या जागी आकडा तुम्ही घालायचा, पायरी तीनमधला तुमच्या घरचा हिशेब करून. शेवटचा हप्ता काट्यावरची पावती हातात आल्यावरच द्या, आणि त्या दिवशी फोनमधला कॅल्क्युलेटर चालू असू द्या.